इंटरव्ह्यूचे राउंड संपतच नाहीत? कुठे थांबायचं ते असं ठरवा

नोकरी बदलणाऱ्या मित्राला "कुठवर आलं?" विचारलं की हल्ली उत्तर राउंडमध्येच मिळतं. "दोन टेक्निकल झाले, मॅनेजरियल बाकी." पंधरा दिवसांनी विचारावं तर "मॅनेजरियल झाला, आता म्हणे डायरेक्टर बोलणार." आणखी महिन्याने विचारायची सोय राहत नाही, कारण आपण आत आहोत की बाहेर हे त्याचं त्यालाच माहीत नसतं.

पहिली किंवा दुसरी नोकरी शोधणाऱ्यांची यात सगळ्यात जास्त फरफट होते. किती राउंड हे नेहमीचं आणि किती म्हणजे अति, याचा अंदाज नसतो. विचारलं तर नाव कटेल अशी भीती असते. मी या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलोय, त्यामुळे पलीकडे काय चालतं तेही सांगतो. आकडा शेवटी देईनच, पण खरी कसोटी आकड्याची नाही. पुढच्या राउंडमध्ये असं काय ठरणार आहे, जे आत्तापर्यंत ठरलेलं नाही? याचं सरळ उत्तर कंपनीकडे असेल तर पाचवा राउंडही रास्त. नसेल तर तिसराही जास्तच.

हे सगळं खासगी नोकऱ्यांबद्दल, त्यातही पुण्या-मुंबईच्या आयटी आणि तिच्या आसपासच्या कंपन्यांबद्दल आहे. सरकारी भरतीत हा प्रश्नच येत नाही. यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेत एकच मुलाखत असते, २०२५ पैकी २७५ गुणांची. केंद्राच्या गट क आणि अराजपत्रित गट ब पदांच्या मुलाखती तर १ जानेवारी २०१६ पासून बंदच झाल्या. खासगीत मात्र नियम कंपनीचा, आणि तो मधेच बदलतोही.

पहिल्याच फोनवर प्रोसेस विचारून घ्या

रिक्रूटरचा पहिला फोन येतो तेव्हा बहुतेक जण फक्त उत्तरं देतात: करंट सीटीसी (वर्षाचं एकूण पगाराचं पॅकेज) किती, एक्स्पेक्टेड किती, नोटीस पिरियड (राजीनाम्यानंतर थांबायचे दिवस) किती. ती द्याच, पण फोन ठेवण्याआधी दोन मिनिटं तुमची घ्या.

"मॅडम, एकूण प्रोसेस कशी आहे?"
"सर, दोन टेक्निकल, मग मॅनेजरियल, मग एचआर."
"दुसऱ्या टेक्निकलमध्ये डिझाइन असतं की परत कोडिंगच?"
"ते पॅनलवर असतं सर."
"ओके. फायनल डिसिजन हायरिंग मॅनेजरच घेतात ना, की वरून अप्रूव्हल लागतं?"
"अप्रूव्हल लागतं सर, बिझनेस हेडचं."

शेवटच्या एका उत्तरात पुढच्या दीड महिन्याची कुंडली आहे. बिझनेस हेडची सही लागते म्हणजे "फक्त पंधरा मिनिटं, एक छोटी डिस्कशन" असा आणखी एक फोन येणार, हे आजच कळलं. मग तो आल्यावर चिडचिड होत नाही.

फोन ठेवला की वहीत किंवा मोबाइलच्या नोट्समध्ये लिहून ठेवा: तारीख, बोलणाऱ्याचं नाव, सांगितलेले राउंड, सांगितलेला कालावधी. पुढे राउंड वाढले तर "तुम्ही १२ तारखेला चार म्हणाला होतात" हे शांतपणे म्हणता येतं. फोन कन्सल्टन्सीचा, म्हणजे कंपनीसाठी माणसं शोधून देणाऱ्या संस्थेचा, असेल तर तिथल्या माणसाला आतली माहिती थोडीच असते. अशा वेळी कंपनीच्या एचआरकडून प्रोसेस मेलवर मागवून घ्या म्हणावं. देतात, निदान विचारतात तरी.

नेहमीचं काय असतं ते माहीत हवं

फ्रेशर असाल तर ऑनलाइन टेस्ट, एक टेक्निकल आणि एचआर. कॅम्पसमध्ये हे बऱ्याचदा एका दिवसात उरकतं. मोठ्या सर्व्हिस कंपन्यांत (ग्राहकांचे प्रोजेक्ट करून देणाऱ्या) टेक्निकल, मॅनेजरियल आणि एचआर हे तिन्ही एकाच पॅनलने एकाच बैठकीत घेतल्याची उदाहरणंही भरपूर आहेत. फ्रेशरला टेस्ट सोडून तीनापेक्षा जास्त वेळा बोलावत असतील तर कारण विचारायला हरकत नाही.

दोन ते आठ वर्षांच्या अनुभवाला दोन टेक्निकल, एक मॅनेजरियल आणि एचआर हे चार ठीक. प्रॉडक्ट कंपन्यांत (स्वतःचं सॉफ्टवेअर बनवून विकणाऱ्या) सिस्टिम डिझाइनचा एक वेगळा असतो, म्हणजे पाच. स्टार्टअपमध्ये फाउंडरला प्रत्येकाला भेटायचं असतं, तोही धरा.

एक राउंड असा आहे की जो नवख्यांना हमखास गोंधळात टाकतो: क्लायंट राउंड. सर्व्हिस कंपनी तुम्हाला घेते ते एखाद्या ग्राहकाच्या प्रोजेक्टसाठी, आणि त्या ग्राहकालाही तुम्हाला पारखायचं असतं. थर्ड पार्टी पेरोलवर, म्हणजे काम एका कंपनीत आणि पगार दुसरीकडून असेल, तर हा राउंड जवळजवळ ठरलेलाच. यात विचारायचा प्रश्न एकच: क्लायंटने नाही म्हटलं तर ऑफर राहते का? "हो, दुसऱ्या प्रोजेक्टवर घेऊ" हे उत्तर आणि "मग बघू" हे उत्तर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. "मग बघू" असेल तर आधीचे सगळे राउंड म्हणजे नुसती गाळणी होती, खरा इंटरव्ह्यू क्लायंटचाच. तयारीही त्या हिशेबाने करा.

शेवटचा राउंड ऑफिसात येऊन द्या म्हणणं मात्र आता खटकू देऊ नका. ऑनलाइन इंटरव्ह्यूत दुसराच माणूस बसवण्याचे आणि एआयकडून उत्तरं वाचण्याचे प्रकार इतके झाले की कंपन्या परत समोरासमोर वळल्या आहेत. निदान एक फेरी प्रत्यक्ष घेणार, असं गूगलचे प्रमुख सुंदर पिचाई यांनीही २०२५ मध्ये सांगितलं. फक्त नाशिक, कोल्हापूर किंवा संभाजीनगरहून यायचं असेल तर उरलेले सगळे राउंड त्याच दिवशी लावता येतील का आणि प्रवासखर्च मिळतो का, हे आधी विचारा. सकाळी एक राउंड देऊन परत जायचं आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा हिंजवडी गाठायची, याला काही अर्थ नाही.

राउंड वाढतात कसे?

हे कळलं की निम्मा ताप उतरतो, कारण वाढलेल्या राउंडचा तुमच्या लायकीशी दर वेळी संबंध नसतो.

प्रत्येक इंटरव्ह्यूनंतर पॅनलमधल्या माणसाला सिस्टिमवर एक फॉर्म भरायचा असतो. स्किलप्रमाणे गुण, खाली शेरा, आणि शेवटी घ्यावा की घेऊ नये. बहुतेक लोक तो फॉर्म त्याच संध्याकाळी, दुसऱ्या मीटिंगमध्ये बसून, घाईत भरतात. "गुड कॉन्सेप्ट्स, कॅन बी कन्सिडर्ड." हा शेरा वाचून मॅनेजरने काय समजायचं? ना हो, ना नाही. मग तो म्हणतो, "अजून एकदा कोणाला तरी बघायला सांगा." झाला एक राउंड तयार. तुमचं त्यात काहीच चुकलेलं नसतं. कुणीतरी ठाम लिहायचं टाळलं, एवढंच. या टेबलावरून त्या टेबलावर फिरणारी फाइल आणि हे यांत फरक नाही. सही करायची कुणालाच नसते, म्हणून शेरे वाढत जातात.

दुसरं कारण खास आपल्याकडचं. इथे नोटीस पिरियड साठ ते नव्वद दिवसांचा. ज्याला ऑफर दिली तो या तीन महिन्यांत तीच ऑफर दाखवून दुसरीकडे जास्त पैसे मिळवतो आणि जॉइनिंगच्या दिवशी फोन उचलत नाही. एचआरने हे इतक्यांदा पाहिलेलं असतं की ते एका जागेसाठी एक-दोन जण बॅकअपला ठेवतात. तुम्ही जर बॅकअप असाल तर तुम्हाला नकार देता येत नाही आणि ऑफरही देता येत नाही. मग काय करायचं? एखादा राउंड लावायचा. "सर, आपले आर्किटेक्ट एकदा कनेक्ट करतील तुमच्याशी." तासभर गप्पा होतात, प्रश्न तेच, पुढे दहा दिवस शांतता.

बाकीची कारणं पटकन सांगतो. बजेट अडकलेलं असतं. जागा आतल्याच कुणाला द्यायची असते पण नियमाने बाहेरचे उमेदवारही बघावे लागतात. मधेच मॅनेजर बदलतो आणि नव्याला सगळं पहिल्यापासून हवं असतं. यातलं मॅनेजर बदलण्याचं कारण खरं सांगितलं जातं, पहिली दोन कधीच नाही.

आणि जास्त राउंड घेऊन कंपनीला तरी जास्त कळतं का? गूगलमध्ये एके काळी उमेदवारांना डझनभर मुलाखती द्याव्या लागत. मग त्यांनी स्वतःच्याच नोंदी तपासल्या. चार मुलाखतींत, उमेदवार घ्यावा की नाही हे ८६ टक्के खात्रीने सांगता येतं आणि त्यापुढची प्रत्येक मुलाखत जेमतेम एखाद्या टक्क्याची भर घालते, असं निघालं. तेव्हा तिथला मनुष्यबळ विभाग सांभाळणाऱ्या लास्लो बॉक यांनी मग चारची मर्यादा घालून दिली. संख्येपेक्षा पद्धत महत्त्वाची, हे तर संशोधक जुन्या काळापासून सांगत आलेत. सगळ्यांना तेच प्रश्न, ठरलेल्या निकषांवर गुण, अशी मुलाखत मोकळ्या गप्पांपेक्षा जास्त भरवशाची ठरते, हे फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांचा अभ्यास एकत्र करून दाखवलं. पण पद्धत बसवायला मेहनत लागते, राउंड वाढवायला फक्त कॅलेंडर इन्व्हाइट लागतो.

तुमच्या बाजूचं गणित याहून कडू आहे. समजा, चांगली तयारी असलेला माणूस एका राउंडमध्ये पुढे जाण्याची शक्यता ८० टक्के. तीन राउंड पार करण्याची शक्यता राहते ५१ टक्के, पाचांची ३३ आणि सातांची २१. माणूस तोच, तयारी तीच. एखादा दिवस वाईट जातो, एखाद्याशी सूर जुळत नाही. दारं वाढली की अडकायच्या जागा वाढतात.

स्वतःचा हिशेब मांडा

राउंड मोजू नका, तास मोजा. एक तासाच्या राउंडमागे तयारीचे दोन-तीन तास, मीटिंग टाळण्यासाठी केलेली सारवासारव, कधी अर्धी सुट्टी. शिवाय ठरलेला राउंड ऐन वेळी पुढे ढकलला तर तो दिवस गेलाच. चार राउंडांचे सहज पंधरा-वीस तास होतात. आजच्या नोकरीत वर्षाकाठी हातात असलेल्या रजांपैकी किती या एका कंपनीवर घालवायच्या, हे आधी ठरवून टाका.

ठरवताना तुमची परिस्थिती बघा. हातात नोकरी आहे आणि घाई नाही, तर ताणून धरता येतं. नोकरी गेलेली आहे आणि घराचा हप्ता चालू आहे, तर अभिमान थोडा बाजूला ठेवून पाचवा-सहावा राउंडही द्यावा, त्यात कमीपणा नाही. पण त्या एकाच कंपनीवर विसंबून बाकीचे अर्ज थांबवू नका. नोटीस पिरियड आधीच सुरू असेल तर लास्ट वर्किंग डेची तारीख सगळ्यांत वर लिहा. त्या तारखेच्या तीन आठवडे आधीपर्यंत ज्यांचं ठरत नाही त्यांना मनातून खाली ढकला. ऑफर लेटर मेलवर आल्याशिवाय राजीनामा नाही, हे मी सांगायची गरज नसावी, तरी सांगतो. "सिलेक्शन झालंय, लेटर दोन दिवसांत येईल" यावर राजीनामे दिलेले लोक मला माहीत आहेत.

जास्तीचा राउंड आला की दोन प्रश्न

सांगितलेल्यापेक्षा एक राउंड जास्त आला, तर लगेच नाही म्हणू नका आणि लगेच हो पण नाही. इंटरव्ह्यू म्हणोत, डिस्कशन म्हणोत की कॅज्युअल कनेक्ट, तो राउंडच धरा. आणि रिक्रूटरला फोन करून विचारा: हा राउंड कोण घेणार आणि काय बघणार? यानंतर निर्णय होणार का, आणि साधारण कधी?

सूर तक्रारीचा नको. "मॅडम, मी नक्की वेळ काढतो, फक्त तयारी नेमकी कशाची करू ते कळलं तर बरं होईल. आणि माझी दुसरीकडे पण प्रोसेस चालू आहे, तर यानंतर तुमच्याकडून कधीपर्यंत कळेल?" एवढंच. दुसरीकडची प्रोसेस खरी असेल तरच तिचा उल्लेख करा. खोट्या ऑफरचं नाव घेतलं आणि एचआरने लेटर मागितलं की पंचाईत होते.

उत्तरांचे नमुने ऐका. "व्हीपींशी आहे, अर्धा तास, ते प्रत्येक लीडला भेटतात, त्यानंतर शुक्रवारपर्यंत सांगू." जा. नाव आहे, कारण आहे, तारीख आहे. "पहिल्या राउंडचा फीडबॅक नीट आला नव्हता म्हणून परत टेक्निकल घेताहेत." थोडं खटकतं, पण प्रामाणिक आहे. जा, आणि कुठल्या विषयाचा फीडबॅक कमी पडला ते विचारून घ्या. "टीमला अजून एकदा बोलायचंय सर, फॉर्मॅलिटी आहे." फॉर्मॅलिटी असेल तर ती ऑफरनंतरही होऊ शकते, असं हसत म्हणून बघा. त्यावर जे उत्तर येईल ते खरं.

एवढं विचारल्याने नाव कटतं का? पलीकडच्या बाजूला बसून सांगतो, नीट विचारणाऱ्याचं नाव मी कटलेलं पाहिलेलं नाही. उलट रिक्रूटरला काम पुढे रेटायला तेच कारण मिळतं: "कँडिडेटकडे दुसरी ऑफर येतेय, लवकर क्लोज करा." त्यांनाही जागा भरल्याचा आकडा दाखवायचा असतो. साध्या प्रश्नावर कुणी तुम्हाला बाद केलंच, तर त्या टीममध्ये रोज प्रश्न विचारून काम करणं कसं असतं याची चुणूक मिळाली.

असाइनमेंट आली तर

घरी करायचं काम देणं हा चांगला प्रकार आहे, बशर्ते ते छोटं असेल. तीन-चार तासांत होणारं, सगळ्यांना सारखं दिलेलं, आणि नंतर त्यावरच बोलणं होणार. अशाने एखादा टेक्निकल राउंड कमी होत असेल तर उत्तमच.

गडबड ओळखायची खूण सोपी आहे. कामात कंपनीचा आजचा खरा प्रश्न असतो. तुम्हाला डिजिटल मार्केटिंगसाठी बोलावलंय आणि "आमच्या दिवाळी कॅम्पेनचा पूर्ण प्लॅन द्या, बजेटसकट" म्हणतात. डिझायनरला त्यांच्याच ॲपच्या सहा स्क्रीन करून मागतात. हे राउंडमध्ये मोजू नका, हे फुकटचं काम आहे. पूर्णपणे नाकारावंसं वाटत नसेल तर एका पानात दिशा लिहून द्या, एखादी स्क्रीन करा, फाइलवर आपलं नाव आणि तारीख घाला, आणि बाकीचं भेटीत समजावून सांगतो म्हणा. ज्यांना माणूस हवाय त्यांना एवढं पुरतं.

आणि कुठल्याही राउंडनंतर रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग, लॅपटॉपचं डिपॉझिट अशा नावाने पैसे मागितले की तो इंटरव्ह्यू नव्हताच. एक रुपयाही पाठवू नका. पाठवले गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर तितकी रक्कम हाताबाहेर.

आकडा

कबूल केल्याप्रमाणे, एचआर धरून: फ्रेशरला तीन, आठ वर्षांपर्यंत पाच, त्यावर सहा. हा माझा अंदाज आहे, कायदा नाही. या आकड्यापर्यंत निमूट जा. त्यापुढच्या प्रत्येकाला वरचे दोन प्रश्न विचारा आणि उत्तर मिळालं तरच जा. तारीख देऊन ती न पाळता पुन्हा नवा राउंड लावला, तर माझ्या मते तिथे थांबावं, मग तो कितवाही असो. एकदा तारीख चुकणं समजू शकतो. चुकलेल्या तारखेबद्दल चकार शब्द न काढता नवा इन्व्हाइट येणं, हे तुम्ही बॅकअप असल्याचं सगळ्यात ठळक चिन्ह.

बाहेर पडायचं ठरलं तर

फोन न उचलणं हा मार्ग नाही. पुण्यात हे क्षेत्र लहान आहे, आजचा रिक्रूटर वर्षभरात दुसऱ्या कंपनीत भेटतो. मेल चार ओळींचा पुरे: आत्तापर्यंतच्या वेळेबद्दल आभार, सध्या पुढचा राउंड देणं जमणार नाही, आत्तापर्यंतच्या मुलाखतींवरून निर्णय झाला तर कळवा, नाहीतर अर्ज मागे घेतला असं धरावं. कारणांची यादी नको, टोमणा तर मुळीच नको. तिसऱ्या मुद्द्यामुळे दार किलकिलं राहतं. असा मेल गेल्यावर दोन दिवसांत ऑफर आल्याचंही होतं, कारण निर्णय झालेला असतो आणि फक्त कुणी ढकललेला नसतो.

मेलमध्ये "अर्ज मागे घेतला" हे शब्द नक्की असू द्या, आणि सिस्टिमवर तशीच नोंद करा अशी रिक्रूटरला विनंती करा. बऱ्याच कंपन्यांत रिजेक्ट झालेल्या उमेदवाराचा अर्ज पुढचे सहा महिने घेत नाहीत. तुम्ही स्वतः बाहेर पडलात आणि सिस्टिममध्ये रिजेक्ट पडलं, तर त्याच कंपनीच्या दुसऱ्या टीममधली जागाही तेवढ्या काळासाठी हातची जाते.